दुवा दिलेली फाइल

बिश्केकच्या त्या कंपनीत अइचुरोकला सगळे एजे म्हणत, म्हणजे ताई. कंपनी कालव्यांचं पाणी वाटायचं सॉफ्टवेअर बनवायची, आणि ते कसं चालवायचं हे लिहून ठेवायचं काम एजेचं. हे सगळं कुठल्या प्रकारच्या फाइलमध्ये लिहायचं, असा प्रश्न चौदा वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा तिनेच हौसेने एक देखणा प्रोग्राम सुचवला. चित्रं, सूची, सगळं त्यात आपोआप बसायचं. मालक ओसमोनाली, ज्यांना सगळे बायके म्हणजे दादा म्हणत, खूश झाले. जेवण झाल्यावर त्यांनी तळहात उघडून त्या निर्णयाला दुवा दिली, आणि सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. झालं! वडीलधाऱ्याने दुवा दिलेली गोष्ट पुन्हा उकरायची नसते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

पुढे तो प्रोग्राम बनवणारेच बुडाले. आता त्या फाइली एकाच जुन्या कॉम्प्युटरवर उघडतात. तो एजेच्या टेबलाखाली घरघरत असतो आणि त्याचे नखरे एकट्या तिलाच ठाऊक. त्यामुळे तिला सुट्टी म्हणून मिळत नाही. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलेला, बोलणार कुणाला? थोरल्या नातवाला चाळिसाव्या दिवशी चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घातलं, तेव्हा ही बया इथे पानांचे आकडे जुळवत बसली होती. फार रडली होती त्या दिवशी.

आता कराकोलला तिची मुलगी एलनुरा दुसऱ्यांदा बाळंत झाली होती. "आई, या वेळी चमचा तुझ्याच हातात हवा," असं तिने फोनवर बजावलं होतं. बाळाच्या चाळिसाव्या दिवसाला एकोणीस दिवस उरले होते.

त्यातच बैठकीत नव्याने आलेली बेगायिम बोलून गेली, की यापुढे साध्या मजकुराच्या फाइलीत लिहूया, त्या कुठेही उघडतात, कुणालाही दुरुस्त करता येतात. सगळे एजेकडे बघायला लागले. नाही म्हणाली असती तर मान राहिला असता.

"बायके, चूक माझी होती," एजे म्हणाली. "ही पोरगी बरोबर सांगतेय. दुवा तुमची आहे, आता सोडवा तुम्हीच."

म्हाताऱ्याने सावकाश चहाचा घोट घेतला. दिलेली दुवा मागे घेता येत नाही, पण तिच्यावर दुसरी देता येते, असं तो म्हणाला. एजेचा जीव भांड्यात पडला. उद्याच कराकोलची गाडी धरायची, असं तिने मनात ठरवूनही टाकलं.

"पण अइचुरोक, जुनी चार हजार पानं नव्या फाइलीत आणणार कोण? तुझ्याशिवाय ती उघडतात कुणाला? दोन महिन्यांनी वसंतात कालवे सुटतील, त्याआधी उरकून टाक. तोवर कुठे हलू नकोस."

नातवाचं सांगायला तिने तोंड उघडलं, पण तोवर म्हाताऱ्याने तळहात उघडले होते. दुवा चालू असताना मध्ये कुणी बोलत नाही. सगळ्यांबरोबर एजेनेही चेहऱ्यावरून हात फिरवले. बाकीच्यांचे हात खाली आले, तिचे चेहऱ्यावरच राहिले.