हंड्यावरचं आडनाव

लालबागला भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून एक म्हातारा छोट्या मशीनने भांड्यांवर नावं घालतो. आमच्या चाळीतल्या पोराला जात विचारून मारलं, त्यानंतर मी बहिणीच्या लग्नाचा हंडा घेऊन या म्हाताऱ्याकडे गेलो.

"काका, आडनाव नको. फक्त नाव घाला."

त्याने मशीन बंद केलं. "तुमच्या चाळीतलं हे सातवं गिऱ्हाईक. मार एकाने खाल्ला आणि आडनावं सगळ्यांनी गिळली, होय रे?"

माझं डोकं भडकलं. मारणारे जामिनावर सुटून गळ्यात हार घालून फिरतायत, आणि मोर्चात घसा फोडणारे आम्ही भांड्यांवरसुद्धा लपतोय!

"घाला आडनाव. मोठ्या अक्षरात."

त्याने कोरलं, फुंकर मारली आणि चूक राहू नये म्हणून पूर्ण नाव मोठ्याने वाचलं.

मी झटकन मागे वळून पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना.