यादीतला सूट

चौकशीबाईंना बाजारात सगळे ओळखत, पण त्यांच्या हातून कधी कुणाची बोहनी झाली नाही. दर तीन महिन्यांनी त्या छापील यादी घेऊन येत, दुकानोदुकानी किमती विचारून लिहून घेत आणि रिकाम्या हातांनी परत जात. चौकशीबाई हे नाव भाजीवालीने ठेवलं होतं. घेणं ना देणं आणि भाव विचारून येणं, असं ती तोंडावर म्हणायची आणि त्याच दमात खरा भाव सांगायची. नवा दुकानदार वैतागलाच, तर जुना त्याला समजावायचा की बाई सरकारी आहेत, देश मोजतात.

देश मोजायचा म्हणजे काय, हे ऑफिसातल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चलनाचा बँकेतला दर धरून देशाचं उत्पन्न ठरवायला गेलं की फसगत होते. परदेशात एकदा केस कापायला जे पैसे पडतात, तेवढ्यात इथे पाच डोकी भादरून होतात. पण स्वस्तात कापले म्हणून काही केस कमी कापले जात नाहीत. तेव्हा सगळ्या देशांनी एकच यादी घ्यायची, तीच वस्तू आणि तेच काम आपापल्या बाजारात कितीला मिळतं ते लिहायचं, आणि त्या मापाने कुठे खरोखर किती माल निघाला, किती काम झालं ते काढायचं. बाईंना हे इतकं पटलं की बारा वर्षांत त्यांनी एकही आकडा अंदाजाने लिहिला नाही. घरी त्या एकट्याच होत्या. ही यादी हेच त्यांचं मोठं गणगोत होतं म्हणा ना.

यादीतली एक ओळ त्यांच्या विशेष लाडाची होती. पुरुषांचा दोन तुकड्यांचा सूट, ड्रायक्लीन आणि इस्त्रीसह, चार दिवसांत. त्यासाठी त्या बाजारापासून दूर, एका गल्लीच्या टोकाच्या लाँड्रीत जात. तिथे सदा वाफ असायची. दांडीवर कोट टांगलेले, इस्त्री टेकली की पांढरा ढग उठायचा, आणि त्या ढगात बाई हरवून जायच्या. त्यांना वाटायचं, आत्ता, याच घटकेला, कुठल्यातरी दूरच्या शहरात आपल्यासारखीच कुणी बाई अशाच वाफेत उभी आहे. तिच्याही हातात हीच यादी आहे. तिथे कदाचित बर्फ पडत असेल, तिचे पाय ठणकत असतील, पण सूट तोच. मग तो सूट त्यांना दिसायलाही लागायचा. गडद राखाडी, एक गुंडी सैल, एका दांडीवरून दुसऱ्या देशातल्या दांडीवर अलगद सरकणारा. लाँड्रीवाला शांतपणे म्हणायचा, "चाळीस." त्या चाळीस लिहायच्या आणि जड पावलांनी बाहेर पडायच्या.

या महिन्यात त्या पर्यवेक्षक होणार होत्या. उन्हातली वणवण संपून खुर्ची मिळणार होती. अट एकच, आजवर लिहिलेली एकही ओळ रद्द झालेली नसावी. आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. ऑफिसातल्या यंत्राने शंका काढली होती की बाकीच्या लाँड्र्यांचे दर तिप्पट झाले, मग हीच एक बारा वर्षं चाळिसावर कशी? खात्री करून या, असा हुकूम आला.

बाई लाँड्रीत पोचल्या तेव्हा एक गिऱ्हाईक सूट घेऊन जात होतं. त्याने मुकाट्याने दीडशे मोजले. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी जाब विचारला तशी लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"दीडशे सगळ्यांना," तो म्हणाला. "चाळीस तुम्हाला. मला वाटायचं, घरात कुणाचा तरी सूट आहे आणि परवडत नाही म्हणून तुम्ही विचारून परत जाता. एकदा तरी आणाल म्हणून वाढवलाच नाही."

ओळखपत्र बाईंनी पहिल्या खेपेला दाखवलं होतं, ते याच्या थोरल्या भावाला. भाऊ पुढच्याच वर्षी गेला, आणि धाकट्याला हे कुणी सांगितलं नाही. ती यादी तो घरातल्या वाणसामानाची समजत आला होता. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली.

"मग सूट कुणाचा?"

"कुणाचाच नाही. यादीतला आहे."

असं म्हणताना त्यांना एकदम रडू आलं. बारा वर्षं आपल्यासाठी कुणीतरी एक आकडा राखून ठेवला होता, आणि आपण तो देशाच्या नावावर लिहीत आलो.

ऑफिसात साहेब आधी हसले. भाव कमी लिहिला की तेवढ्याच पैशांत जास्त काम झालेलं दिसतं, तुमच्यापायी देश केसभर श्रीमंत दिसत होता, म्हणाले. मग दार लोटून त्यांनी तोड सुचवली. दर एकदम बदलू नका, खेपेला थोडा थोडा चढवा, यंत्र गप्प बसेल आणि खुर्चीही हातची जाणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेब माणूस वाईट नव्हता, त्याला बाईंचे वणवण करून दुखरे झालेले पाय दिसत होते. बाईंनाही खुर्ची हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पण ती बर्फातली बाई काही त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. तिने आपला आकडा खरा लिहिला असेल, तर मी तिला काय तोंड दाखवू?

त्यांनी दुरुस्तीचा फॉर्म मागून घेतला. दीडशे लिहिलं. बारा वर्षांची ओळ रद्द, तिथे सही केली. शेवटचा रकाना होता, दुकानदाराशी ओळख आहे का. मग त्यांनी लिहिलं, आहे.

साहेब म्हणाले, "अहो, असं लिहिलंत तर ती लाँड्री दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. तुम्हाला तिथे दर विचारायला जाता येणार नाही."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "म्हणूनच लिहिलं."

शनिवारी त्या आपली लोकरीची शाल घेऊन लाँड्रीत गेल्या. ही घरच्यांची नाही, माझीच, असं त्यांनी न विचारताच सांगून टाकलं. आणि सगळ्यांना लावता तोच दर लावा, असंही बजावलं.

"आता सरकारी काम नाही ना?" लाँड्रीवाला म्हणाला. "मग दर मी ठरवीन."

बाईंनी शाल त्याच्या हातात दिली, आणि किती पडतील ते विचारलं नाही.