खिडकीवाली गाय

भावजी, म्हणजे माझे दीर, घरात तोंड उघडतील तर शपथ! पण गोठ्यात गेले की पोपट. ते गुरं सांभाळतात त्या शेती संशोधन केंद्रातली एक गाय त्यांचा जीव की प्राण. तिच्या कुशीला भोक पाडून रबरी झाकण बसवलेलं. नवा चारा कसा पचतो ते त्यातून बघायचं. नियम एकच, त्या चाऱ्याशिवाय तिला काही द्यायचं नाही. भावजी कुरकुरायचे, "रोज तेच तेच! तुम्ही खाल का, वहिनी?"

मी तिथल्याच पावाच्या विभागात. उरलेलं आंबवलेलं पीठ बादलीत टाकायची आणि त्यातलं थोडं रोज गायब व्हायचं. वाटायचं, सफाईवाला नेतो.

त्या दुपारी आरडाओरडा ऐकून गोठ्याकडे धावले. गाय ढोलासारखी फुगलेली, जीभ बाहेर. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं तर नुसता फेस; पोट काही उतरेना.

"वास आंबूस येतोय, पण चारा आंबला तरी असाच येतो," त्या भावजींना म्हणाल्या. "काका, दुसरं काही खाल्लंय का हिने? त्यावर औषध ठरणार. चुकलं तर गेलीच समजा."

भावजी गाईची मान चोळत राहिले. वास माझ्या बादलीतल्या पिठाचा होता! म्हणजे ते सफाईवाला नाही, भावजीच नेत होते. सांगितलं तर भावजींच्या हातून गाय जाणार, नाही सांगितलं तर जिवानिशी जाणार. मनात म्हटलं, अहो भावजी, मूग गिळून काय बसलात! मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाईचे गुडघे वाकले.

"पावाचं पीठ," भावजी म्हणाले. "रोज गोळाभर देतो. आज आवडीने खात होती, म्हणून बादलीच पुढे ठेवली."

बाई रागाने लाल झाल्या, पण म्हणाल्या एवढंच, "बाही वर करा. काढा सगळं."

भावजींनी खांद्यापर्यंत हात आत घातला. चिकट गोळे ओढून काढत होते, रडत होते, "उभी राहा गं बये," म्हणत होते. बाई औषध ओतत होत्या. मी गाईचं डोकं धरून उभी, देवाला हजार शिव्या घालत.

संध्याकाळी ती रवंथ करायला लागली.

"वाचली," बाई म्हणाल्या. "काका, उद्यापासून तुम्ही कोंबड्यांकडे. गोठ्यात पाऊल टाकायचं नाही."

कोंबड्यांची शेड गोठ्याला लागूनच आहे. परवा डबा द्यायला गेले, तर पलीकडे गाय हंबरली आणि भावजी कोंबड्यांवर खेकसले, "गप्प बसा गं भवान्यांनो, ऐकू येऊ द्या!"