चालूच राहिलेला वर्ग

त्या वर्षी करोनामुळे शाळा बंद होत्या. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या आमच्या शाळेसाठी ऑनलाइन वर्गाचं ॲप निवडायचं काम मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्यावर टाकलं. मी डोंबिवलीला राहायचे आणि घरी लॅपटॉप होता, एवढीच काय ती माझी पात्रता.

दोन ॲप समोर होती. एकात लिंक दाबली की मूल थेट वर्गात. दुसऱ्यात त्याने बाहेर थांबायचं आणि मी एकेकाला आत घ्यायचं. आमच्या मुलांकडे घरात मिळून एक फोन, त्यालाही धड रेंज नाही. बाहेर ताटकळत ठेवलं तर निम्मी पोरं कंटाळून जातील, असं सगळ्यांचंच मत पडलं. म्हणून सहावीचा पहिला वर्ग सोप्या ॲपवर घेऊन बघायचं ठरलं.

सुरुवात छान झाली. कुणाच्या मागे कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्या मागे भरून ठेवलेले पाण्याचे ड्रम. मी अपूर्णांक शिकवत होते. मधेच एक काळा चौकोन उगवला. त्यावर वर्गातल्याच एका मुलीचं नाव होतं, आणि ती मुलगी तर आधीच मला समोर दिसत होती.

"बाई, ते माझं नाव आहे," ती म्हणाली.

काळ्या चौकोनातून पुरुषाचा आवाज आला. मवाळ, घरातल्या माणसासारखा. "हो का गं? मग तू राहतेस कुठे?"

घाईघाईत मी लाल बटण दाबलं. स्क्रीन रिकामी झाली तसा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात फोन वाजला. एका मुलाची आई शेजारणीच्या फोनवरून बोलत होती.

"बाई, तुम्ही कुठे गेलात? तो माणूस इकडे पोरांशी बोलतोय अजून!"

वर्ग संपलाच नव्हता. मी एकटीच बाहेर पडले होते. मुलं आत, त्याच्यापाशी.

पुन्हा लिंक दाबली. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. आत पोचले तेव्हा तो विचारत होता, "आईबाबा कामावर गेल्यावर घरी कोण असतं?" आणि एक गुणी पोर उत्तर द्यायला लागलं होतं, "मी आणि माझी छोटी..."

"फोन बंद करा!" मी किंचाळले. "सगळ्यांनी! आत्ताच्या आत्ता!"

मुलांनी माझं इतकं कधीच ऐकलं नव्हतं. चेहरे पटापट गेले. उरलो मी आणि तो काळा चौकोन. त्याला काढून टाकायचं बटण मला सापडेना. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"घाबरलात का बाई?" त्याने विचारलं आणि निघून गेला.

पोलिसांत तक्रार दिली. तो कोण होता, लिंक त्याला कुठून मिळाली, शेवटपर्यंत कळलं नाही. त्या मुलीचे वडील कितीतरी दिवस तिला जिन्यातही एकटीला सोडत नव्हते.

आम्ही दुसरं ॲप घेतलं. काही मुलं खरंच कंटाळून गेली. त्यांना मी फोनवर गणितं सांगत बसायचे. बाहेर थांबलेलं नाव ओळखीचं असलं तरी आत घेण्याआधी मी ते दोनदा वाचायचे. आत आल्या आल्या मी कॅमेरा लावायला सांगायचे.

"बाई, मीच आहे ना!" मुलं वैतागायची.

"दिसू दे आधी," मी म्हणायचे, आणि चेहरा दिसेपर्यंत श्वास रोखून बसायचे.