टेबलाचं वय

गावातली जुनी शाळा पाडली, तेव्हा तिच्या सागवानी तुळयांचं दत्तोबा सुतारांनी जेवणाचं टेबल केलं. हाताच्या सवयीने खिळ्यांची भोकंही सरस आणि भुसा भरून बेमालूम बुजवली.

टेबल न्यायला आलेले साहेब हिरमुसले. "अहो, हे तर नवं दिसतंय! असं मी नेणार नाही."

केसांना कलप लावणाऱ्या माणसालाही टेबलाचं वय मात्र दिसायला हवं असतं, हे मी दत्तोबांच्या शेजारी बसून शिकलो.

"भोकं कुठं हवीत तेवढं दाखवा," दत्तोबा म्हणाले. साहेब बोट ठेवत गेले, दत्तोबा गिरमिट फिरवत गेले. निम्म्या जागी कधी खिळाच नव्हता.

"वा! पाहुण्यांना तुमचंच नाव सांगतो," साहेब खूश झाले.

"टेबल न्या," दत्तोबा म्हणाले, "नाव तेवढं सांगू नका."