गुण्या मिस्त्रीचं हलकं ड्रिल

गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. शिकाऊ असताना हा पोरगा प्रत्येक चौकटीला दोन-दोनदा गुण्या लावून बघायचा. शेवटी उस्ताद करवादला, "अरे, तूच एक गुण्या आहेस, दुसरा हातात कशाला धरतोस?" ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे केस पिकले, चष्मा लागला, लेकी सासरी गेल्या, तरी सगळ्या वस्तीत तो गुण्या मिस्त्रीच राहिला. तसूभर वाकडं त्याला खपत नसे. दुसऱ्याच्या घरी चहाला गेला तरी आधी कपाटाचं दार उघडून बघणार आणि बिजागरीवर जीभ चुकचुकवणार. बायको म्हणायची, "लोक चहा देतात ते तोंड बंद राहावं म्हणून. तुम्ही चहा पिऊनही उघडंच ठेवता."

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचा उजवा खांदा गेला. एके सकाळी सदऱ्यात हात घालताना कळ आली आणि ती गेलीच नाही. डॉक्टर म्हणाले, "आतली दोरी झिजलीय. जड काही धरून हात वर न्यायचा नाही." आता सुताराने हात वर न्यायचा नाही म्हणजे माशाने ओलं व्हायचं नाही. त्याचं जुनं ड्रिल वायरवालं, लोखंडी, भिंतीत दणके मारत घुसणारं धूड होतं. ते छातीच्या वर उचललं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. दोन महिन्यांत पडद्याच्या दांड्यांची आणि वरच्या कपाटांची सगळी कामं त्याने या ना त्या सबबीने परतवली.

तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातल्या त्या हिरव्या ड्रिलकडे त्याचं लक्ष गेलं. बिनवायरचं, बॅटरीवर चालणारं, सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत स्वस्त. एकच बॅटरी, एकच चार्जर, खोक्यावर हसणाऱ्या माणसाचं चित्र. गुण्याने पहिल्या दिवशी ते नुसतं हातात धरलं आणि परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी घरून भोक पाडायचं आपलं लांब बिट घेऊन गेला, ते ड्रिलच्या तोंडाशी चकमध्ये आवळलं, मशीन फिरवलं आणि बिटाचं टोक डोळ्यांजवळ धरून बघत बसला. टोक जागच्या जागी फिरतंय की हवेत गोल काढतंय, हे त्याला बघायचं होतं.

"मिस्त्री, ड्रिल बघताय की जावई?" दुकानदाराने विचारलं.

"किंचित डुलतंय."

"या भावात नाचत नाही हेच नशीब समजा. खरं सांगू? लाकडात लोण्यासारखं चालेल. विटेत कुरकुरत का होईना जाईल. काँक्रीटला मात्र हे लावू नका. याला दणका नाही, नुसतं फिरतं. आठ दिवस वापरा, नाही पटलं तर आणून द्या."

गुण्याने ते घरी आणलं आणि गॅलरीत त्याची परीक्षा मांडली. सागाची एक जुनी फळी घेतली आणि एका चार्जवर किती स्क्रू बसतात ते मोजलं. पन्नासाच्या पुढे मशीन मंदावलं, साठाव्याला दम तोडला. मग बॅटरी भरून तीन दिवस तशीच ठेवली, आपोआप उतरते का ते बघायला. उतरली नाही. मशीन खांद्याच्या उंचीवर धरून त्याने मनातल्या मनात शंभर आकडे म्हटले. खांदा दुखला, पण बोंबलला नाही. शेवटी न्हाणीघराच्या विटेच्या भिंतीत एक भोक पाडलं. कण्हत-कुंथत गेलं.

"मला बघायला आलात तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणून गेलात," बायको दारातून म्हणाली. "त्या मशीनचं भाग्य थोर."

"तुझ्यात बॅटरी उतरायची भीती नव्हती," तो म्हणाला. ती हसली. पुष्कळ दिवसांनी घरात कुणी हसलं.

त्याने ते ठेवून घेतलं. दुकानदाराला म्हणाला, "वाईट नाही. याला जेवढं झेपतं तेवढंच सांगितलं तर चांगलं आहे."

चार महिने ठीक गेले. दारांच्या कड्या, बिजागऱ्या, स्वयंपाकघराच्या फळ्या. पिशवी हलकी झाली तसा तोही हलका झाला. एक गोष्ट मात्र हळूहळू घडत गेली आणि त्याची त्यालाही कळली नाही. मोठं मशीन तो घरीच ठेवून निघायला लागला. आधी म्हणायचा, गरज पडली तर परत येऊन घेऊन जाईन. मग तेही म्हणेनासा झाला.

मग दोघी बहिणींचं काम आलं. एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्या दोघीच राहायच्या. थोरल्या बाई टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून करडा, शहात्तराव्या वर्षीही पाठ ताठ. धाकट्या बाई गोल, हसऱ्या, दोन्ही गुडघ्यांनी हैराण. न्हाणीघरात एकदा त्यांचा पाय सरकला होता. तेव्हापासून अंघोळ म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. भिंतीला धरायची दांडी लावून हवी होती.

गुण्या जिने चढून गेला तो हलकं ड्रिल घेऊनच. टाइल नीट कापली गेली. तिच्या मागचा गिलावाही सरळ गेला. दीड इंचावर मात्र मशीनचा आवाज बदलला. बिट जागच्या जागी फिरायला लागलं, जळका वास सुटला, टोक निळं पडलं. मागे काँक्रीट होतं. त्याने सगळं अंग टाकून रेटलं, खांद्यातून वीज गेली, पण भोक केसभरही पुढे सरकलं नाही. चारही ठिकाणी तेच. चौथ्याला बॅटरी बसली.

तो स्टुलावर टेकला. काय करायला हवं ते त्याला लख्ख ठाऊक होतं. घरी जायचं, मोठं मशीन आणायचं, तीन जिने परत चढायचे, आणि उरलेला दीड इंच त्या धुडाने दणके मारत पाडायचा. नाहीतर 'उद्या येतो' म्हणायचं.

"होतंय ना आज?" थोरल्या बाईंनी बाहेरून विचारलं. "चार दिवस झाले, ती नुसती अंग पुसून काढतेय."

"होतंय," गुण्या म्हणाला.

पिशवीत तीन इंची स्क्रू होते ते त्याने परत ठेवले आणि दीड इंची काढले. चार प्लग, चार स्क्रू. पाणसळ लावून बघितली, दांडी अगदी सरळ होती. हाताने ओढून बघितली, हलली नाही. धाकट्या बाई आत आल्या, दांडी दोन्ही हातांनी धरली आणि लहान मुलीसारख्या दोनदा खाली-वर झाल्या. "अगं ताई, आता मला कोण पाडतंय बघू!" म्हणाल्या. गुण्याने हत्यारं भरली.

घरी बायकोने विचारलं, "झालं काम?" तो म्हणाला, "झालं," आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. खांदा दुखतोय म्हणून झोपले असतील, असं तिला वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात थोरल्या बाईंचा फोन आला. त्या दवाखान्यातून बोलत होत्या. दांडी भिंतीतून निघून हातात आली होती. धाकट्या बाई मागच्या मागे पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

"इमारत जुनी आहे," त्या म्हणाल्या. "भिंतच भुसभुशीत असणार. नाही का मिस्त्री?"

गुण्या म्हणाला, "असेल."

पुढचे दीड महिने तो कामाला जात होता, जेवत होता, विचारलं तर उत्तर देत होता. पण हात बिघडले. एका दाराला कडी उलटी लावली आणि मालकाने दाखवेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही. गुण्या मिस्त्रीने उलटी कडी लावली ही वस्तीत थट्टा झाली. त्याला हसू आलं नाही.

सहा आठवडे अंथरुणाला खिळून धाकट्या बाई गेल्या. छातीत कफ साठला आणि ताप उतरलाच नाही. ही बातमी बायको किराणा आणायला गेली तिथून घेऊन आली. पिशवी खाली ठेवत म्हणाली, "ती न्हाणीघरातली दांडी तुम्हीच लावली होती ना?"

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. दीड इंच, जळका वास, पिशवीत परत टाकलेले स्क्रू, आणि ते 'असेल.' ती खुर्चीवर बसून राहिली.

"कुणाला ठाऊक आहे हे?"

"कुणालाच नाही."

"मग आता सांगून त्या बाई परत येणार आहेत?"

"नाही."

"थोरल्या बाईंनी पोलिसांत दिलं तर?"

"देऊ दे."

ती म्हणाली, "मी येऊ बरोबर?" त्याने नकारार्थी मान हलवली. ही वाट एकट्याने चढायची होती.

थोरल्या बाईंनी दार उघडलं. घरात दोन खाटा होत्या, एकीवरची गादी गुंडाळून ठेवलेली. त्यांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. उभ्यानेच, शिकाऊ पोराने उस्तादाला सांगावं तसं त्याने सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर त्या न्हाणीघरात गेल्या आणि हाक मारली, "इकडे या. दाखवा."

भिंतीत चार भोकं होती, कडेच्या टाइल फुटलेल्या. बाईंनी विणायची सुई आणली आणि स्वतः एकेका भोकात घातली. प्रत्येक वेळी ती तेवढ्याच जागी अडत होती.

"ठोकून बघा. भिंत कशी आहे?"

"पक्की आहे, बाई. तिला काही झालेलं नाही."

"आणि तुमचं ते मशीन?"

"त्याने सांगितलं होतं. ते थांबलं होतं. मीच थांबलो नाही."

बाई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर टेकल्या. पहिल्यांदाच त्यांची पाठ वाकलेली दिसली. "तुम्हाला माहीत आहे का," त्या म्हणाल्या, "ती काय म्हणत गेली? सहा आठवडे रोज म्हणायची, 'ताई, मीच जास्त जोर लावला गं. माझं वजनच एवढं. चांगली लावलेली दांडी मी मोडली.' मी म्हणायचे, नाही गं, भिंत खराब होती. तिला ते पटायचं नाही. आपल्या जाडेपणाला बोल लावत गेली ती."

गुण्याने भिंतीवरचा हात काढला.

"त्या दिवशी फोनवर 'असेल' म्हणालात. तेवढ्याऐवजी खरं बोलला असतात तरी ती मेलीच असती कदाचित. पण शरमेने नसती मेली."

त्या रडल्या नाहीत. थोड्या वेळाने भिंतीला धरून उठल्या आणि कामाच्या आवाजात म्हणाल्या, "उद्या सकाळी या. मोठं मशीन घेऊन. दांडी मलाही लागते."

दुसऱ्या दिवशी तो ते धूड डाव्या हातात घेऊन तीन जिने चढला, प्रत्येक मजल्यावर थांबत. जुनी भोकं सोडून दांडी वीतभर वर सरकवली. मशीन सुरू झाल्यावर सगळं न्हाणीघर थरथरायला लागलं. पहिल्या भोकालाच त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्यानंतर उजवा हात बधिर झाला, म्हणून मशीनची मूठ त्याने छातीला लावली आणि छातीनेच रेटलं. थोरल्या बाई दारात उभ्या होत्या. बस म्हणाल्या नाहीत, पाणी हवं का विचारलं नाही. प्रत्येक भोक झालं की पुढे येऊन सुई घालायच्या, अंगठ्याने खूण धरून किती आत गेली ते बघायच्या आणि परत मागे जायच्या.

तीन इंची चार स्क्रू बसले. बाईंनी दांडी धरली, पाय दुमडले आणि सगळं अंग तिच्यावर सोडून लोंबकळल्या. शहात्तर वर्षांची बाई टाइलला टेकून लोंबकळतेय आणि मिस्त्री खाली हात धरून उभा, की निसटल्या तर झेलावं. दांडी हलली नाही. त्या पायांवर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. मजुरीचा विषय त्यांनी काढला नाही, त्यानेही नाही.

"मी तुम्हाला पोलिसांत देणार नाही," त्या दार उघडून म्हणाल्या. "पण माफही करणार नाही. माफी मागायला पुन्हा येऊ नका."

"नाही येत," तो म्हणाला.

त्या दिवसानंतर खांदा पुरताच बसला. केस विंचरायलाही हात वर जाईना, बायको विंचरून द्यायची. भिंतीचं काम त्याने कायमचं सोडलं. घरीच पाट, स्टूल, टेबलांचे खण असली बसून करायची कामं घ्यायचा, आणि त्यांना ते हिरवं ड्रिलच वापरायचा. लाकडात ते खरंच चांगलं होतं. दुकानदार कधीकधी गिऱ्हाईक पाठवायचा, 'मिस्त्रींना विचारा, ते वापरतात.' गुण्या त्या माणसाला आधी भिंत कसली आहे ते विचारायचा. माहीत नाही म्हणाला, तर म्हणायचा, "मग आधी भिंत बघून ये."

वर्षभराने तो खिळे आणायला निघाला होता तेव्हा थोरल्या बाई समोरून आल्या. हातात काठी होती. त्याने मान खाली घातली आणि बाजूला झाला. त्या थांबल्या. काठी रोवून त्याच्याकडे बघत राहिल्या, काही बोलायचं आहे असं वाटावं इतका वेळ. मग काठी टेकत पुढे गेल्या.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "खिळे कुठायत?"

"राहिले," तो म्हणाला आणि अर्धवट स्टुलापुढे जाऊन बसला.