सरककुंभी

आमच्याकडे कूलर यायच्या आधी मी मे महिन्यात नागपूरच्या ‘शुक्रवारी’ नावाच्या तलावाच्या काठी निंबाखाली जाऊन बसायचो. तिथे रोज एक टोपीवाले काका वहीत पाण्यावर तरंगणाऱ्या जलकुंभीचं चित्र काढत. चित्रातल्या पानांना मात्र चक्क वल्ही असत.

“ही सरककुंभी. ऊन आलं का सावलीत सरकते.”

“कुठं पाहिली, काका?”

“व्हायची हाये अजून. लाखभर वर्षं लागतीन. नागपूरच्या उन्हात एका जागी राहीन तं मरन ना गा!”

तासभर मी हुज्जत घातली. शेवटी म्हणालो, “वनस्पतीला एवढी अक्कल कशी येईल?”

“तुले कशी आली मंग?”

मी मागे पाहिलं. सावलीमागे सरकत सरकत मी चार हात दूर आलो होतो. माझ्या चपला तेवढ्या जुन्या जागी उन्हात तापत होत्या.